निकाल आणि नोंद

(स्मृतिव्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, ते शाळेत खेळाचे शिक्षक होते. आपल्याकडे पुढाऱ्यांच्या, साहित्यिकांच्या, फार तर मुख्याध्यापकांच्या नावाने व्याख्यानं होतात. पी.टी.च्या सरांच्या नावाने एखादं गाव व्याख्यान भरवतं, तेव्हा त्या गावाला शिक्षणातलं काहीतरी नीट कळलेलं असतं. म्हणून आजचा विषय मी मैदानावरून उचलला आहे. माणूस मनातल्या मनात स्वतःला टाकून बोलतो, ते बदलायचं कसं? आणि त्यात प्रशिक्षकाचं, म्हणजे आपण सरसकट ज्याला कोच म्हणतो त्याचं, काम नेमकं कोणतं?

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगते, म्हणजे पुढचा तासभर तुम्हाला ते पारखून घेता येईल. स्वतःला टाकून बोलण्याची सवय आपल्याला दुसऱ्यांच्या बोलण्यातून लागते. म्हणून ती मोडायलाही बहुधा दुसरं माणूस लागतं. ते माणूस गोड बोलून ही सवय मोडत नाही. निकाल देणं थांबवून नोंद करायला ते शिकवतं.

आधी हे बोलणं ऐकू या. ‘माझ्याच्याने होणार नाही.’ ‘आपली लायकीच नाही.’ ‘एवढं साधं जमत नाही, मग काय उपयोग?’ ‘आता सगळे हसणार.’ ‘मूर्ख, मूर्ख, मूर्ख!’ हे शेवटचं तर टेनिस कोर्टवर, परीक्षेच्या वर्गात, मुलाखतीच्या खोलीबाहेर माणसांच्या ओठांवर चक्क दिसतं. या वाक्यांकडे जरा बारकाईने पाहा. चेंडू कुठे पडला, हे त्यातलं एकही वाक्य सांगत नाही. चुकतो एक फटका, एक गणित किंवा मुलाखतीतलं एक उत्तर. शिक्षा मात्र अख्ख्या माणसाला होते. साक्षीपुरावा नाही, अपील नाही, थेट निकाल.

आणि ही वाक्यं आपल्या ओळखीची आहेत. ‘काय दिवे लावलेस?’ ‘शेजारच्या पोराकडे बघ जरा.’ ‘डोक्यात काय भुसा भरलाय का?’ ‘तुला नाही जमायचं ते, सोड.’ स्वयंपाकघरात, वर्गात, मैदानाच्या कडेला उभं राहून माणसं हे बोलत आली. त्यांच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नव्हतं. पण ऐकणारं पोर वाक्यातला ‘तू’ काढतं, तिथे ‘मी’ घालतं आणि पुढची चाळीस वर्षं तेच वाक्य वापरत राहतं.

हे मी काव्यात्म बोलत नाही. लेव्ह व्हिगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने भाषा आणि विचार यांच्या नात्यावर जे काम केलं, त्याचा हाच गाभा आहे. त्याचं मुख्य पुस्तक १९३४ साली निघालं, आणि त्याच वर्षी सदतिसाव्या वर्षी तो क्षयाने गेला. त्याचं म्हणणं असं: मूल आधी दुसऱ्यांशी बोलतं, दुसऱ्यांचं ऐकतं. मग तेच बोलणं मोठ्याने स्वतःशी करू लागतं. खेळताना पुटपुटणारी तीन-चार वर्षांची मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. शाळेच्या वयात हे पुटपुटणं हळूहळू आवाज गमावतं आणि मनात शिरतं. मोठ्या माणसाचा विचार म्हणजे बऱ्याच अंशी असं आत शिरलेलं बोलणं. काम अवघड झालं की मुलांचं हे पुटपुटणं वाढतं, असंही त्याने प्रयोगात पाहिलं. चित्राला लागणारी रंगीत पेन्सिलच दिली नाही, की मुलं स्वतःशी जास्त बोलू लागत.

त्याने नोंदवलेला एक प्रसंग फार बोलका आहे. साडेपाच वर्षांचा एक मुलगा ट्रामचं चित्र काढत होता. चाक काढता काढता पेन्सिलीचं टोक मोडलं. मुलगा स्वतःशीच ‘मोडलं’ असं पुटपुटला, पेन्सिल बाजूला ठेवून त्याने रंग घेतले आणि अपघातात मोडलेली ट्राम काढू लागला. मोडली होती पेन्सिल. पण शब्द एकदा तोंडातून गेला आणि चित्रातली ट्रामच मोडकी झाली.

व्हिगोत्स्कीला यातून दाखवायचं होतं की स्वतःशी बोललेला शब्द पुढच्या कृतीला वळण देतो. मला त्यात आपला आजचा विषय दिसतो. फटका चुकला की ‘चुकला’ हा शब्द फटक्यापुरता राहायला हवा. तो राहत नाही. फटक्यावरून खेळावर जातो, खेळावरून खेळाडूवर, आणि मग माणूस मोडक्या ट्रामसारखा खेळू लागतो.

आता साहजिक प्रश्न येतो: हे बोलणं बंद का करू नये? ‘असे विचार मनात आणूच नकोस’ हा सल्ला आपण किती सहज देतो! अमेरिकेत डॅनिएल वेग्नर यांनी १९८७ साली हे करून पाहिलं. लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल काही केल्या जाईना. आणि नंतर विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा ज्यांनी आधी तो दाबला होता त्यांच्या मनात तो जास्तच उसळून आला. अवघड सर्व्हिसच्या आधी ‘नेटमध्ये घालू नकोस’ असं स्वतःला बजावणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग कोर्टवर केलेला आहे.

दुसरा उपाय गोड बोलण्याचा. फ्रान्समधल्या नॅन्सी शहरातला एमिल कुए हा औषधविक्रेता विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगभर गाजला. रोज ठरलेलं एक आशादायी वाक्य पुन्हा पुन्हा म्हणा, हा त्याचा मंत्र. आजही आरशावर चिठ्ठ्या चिकटवून ‘मी यशस्वी आहे’ म्हणणारी माणसं त्याचीच वारस आहेत. यावर कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य लोकांना स्वतःशी म्हणायला लावलं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं, त्यांना थोडं आणखी बरं वाटलं. ज्यांचं मन खचलेलं होतं, त्यांना आणखी वाईट वाटलं. म्हणजे औषध ज्यांच्यासाठी, त्यांनाच ते बाधलं. यात नवल नाही. आत बसलेला न्यायाधीश खोटी साक्ष लगेच ओळखतो. ‘मी उत्तम आहे’ म्हटलं की तो लगेच मागचे दहा पराभव पुढे करतो.

दाबून जात नाही आणि झाकूनही जात नाही, मग करायचं काय? इथे मी तुम्हाला एका टेनिस शिकवणाऱ्याकडे नेते.

टिमोथी गॅलवे हा हार्वर्ड विद्यापीठाच्या टेनिस संघाचा कर्णधार राहिलेला माणूस. १९७०च्या सुमारास तो कॅलिफोर्नियात टेनिस शिकवत होता. त्याच्या लक्षात आलं की आपण सूचना कमी केल्या की शिष्य जास्त लवकर शिकतात. आणि शिष्य स्वतःला ज्या शिव्या देतात, त्या आपल्याच सूचनांच्या पुढच्या आवृत्त्या असतात! ‘रॅकेट मागे घे, गुडघा वाकव, नजर चेंडूवर’ हे कोच म्हणतो, आणि कोच गप्प बसला की शिष्य आत तेच म्हणू लागतो, जोडीला ‘गाढवा’ असतंच. १९७४ साली त्याने ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ हे छोटं पुस्तक लिहिलं. माणसात दोघं असतात, असं तो म्हणाला: एक हुकूम सोडणारा आणि एक प्रत्यक्ष खेळणारा. खेळणाऱ्याला खेळ येतो. हुकूम सोडणारा मध्ये मध्ये करतो. त्याचं गणित सोपं होतं: कामगिरी म्हणजे क्षमतेतून आतली ढवळाढवळ वजा केल्यावर जे उरतं ते.

आणि उपाय? हुकूम सोडणाऱ्याला गप्प बसवायला गेलात तर तोच पुन्हा हुकूम सोडणार. म्हणून गॅलवेने त्याला काम दिलं. चेंडू जमिनीला लागला की ‘टप्पा’ म्हणायचं, रॅकेटला लागला की ‘फटका’ म्हणायचं. बाकी काही नाही. तेवढं अचूक म्हणायचं असेल तर चेंडूकडे खरोखरच पाहावं लागतं, आणि शिव्या द्यायला जागाच उरत नाही. दुसरी गोष्ट त्याने केली ती आणखी महत्त्वाची. ‘सर्व्हिस वाईट गेली’ असं तो म्हणू देत नसे. चेंडू रेषेच्या किती पुढे पडला, एवढंच सांगायचं. वाईट हा निकाल. अर्धा फूट पुढे ही नोंद. निकालाने हात आखडतो. नोंद मिळाली की हात पुढच्या वेळी आपोआप थोडी दुरुस्ती करतो.

कंपन्यांमधला ‘कोच’ हा शब्दही बऱ्याच अंशी याच कोर्टावरून आला आहे. ब्रिटनमधले सर जॉन व्हिटमोर हे एकेकाळचे मोटार शर्यतपटू. त्यांनी गॅलवेची पद्धत ब्रिटनमध्ये नेली, तिला व्यवस्थापनाच्या जगात रुजवलं आणि १९९२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. ध्येय काय, आज कुठे आहोत, पर्याय कोणते आणि आता काय करणार, हे प्रश्नांचे चार टप्पे आज पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत सर्रास वापरले जातात. शिकवणाऱ्याने उत्तर न देता असं विचारावं की शिकणाऱ्याला नीट बघावंच लागेल, हे त्याचं मूळ गॅलवेचंच.

दुसरा प्रवाह मानसोपचारातून आला. न्यूयॉर्कमधले अल्बर्ट एलिस १९५५ पासून आणि फिलाडेल्फियातले एरन बेक १९६०च्या दशकात एकाच निष्कर्षाला पोचले: घटनेने माणूस जेवढा कोसळत नाही, तेवढा तो त्या घटनेबद्दल स्वतःशी जे बोलतो त्याने कोसळतो. बेकना दिसलं की त्यांचे नैराश्यग्रस्त रुग्ण तोंडाने एक बोलत असतात आणि खाली दुसरीच वाक्यं वाहत असतात. झपकन येणारी, पुराव्याशिवायची आणि खरी वाटणारी. एलिस तर स्वतःवरच प्रयोग करून बसले होते. एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायची त्यांना भयंकर भीती वाटे. ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जाऊन त्यांनी बाकावर एकट्या बसलेल्या शंभरेक जणींशी बोलायला सुरुवात केली. भेटायला यायचं कबूल केलं एकीने, आणि तीही आली नाही. पण ‘नकार मिळाला तर मी संपलो’ हे वाक्य शंभर वेळा तपासलं गेलं आणि खोटं ठरलं. नुसतं वाद घालून ते खोटं ठरलं नसतं.

हा प्रवाह मराठीत चांगला रुजला आहे, याचा अभिमान वाटायला हरकत नाही. कि. मो. फडके यांचा एलिसशी दीर्घ पत्रव्यवहार होता आणि त्यांनी ही विवेकनिष्ठ पद्धत इथे आणली. डॉ. अंजली जोशी यांनी एलिसच्या आयुष्यावर ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी लिहिली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात सुरू केलेल्या ‘आय.पी.एच.’ संस्थेने ही पद्धत सामान्य घरांपर्यंत नेली. पण जमीन आधीपासून तयार होती, असं मला वाटतं. रामदासांचे दोनशे पाच मनाचे श्लोक म्हणजे काय? एक माणूस मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलतो आहे, आणि बोलताना त्याला सज्जन समजून हाक मारतो आहे. शिवी देत नाही. जे चुकतंय तेही सांगतो, काय करायचं तेही सांगतो. अलीकडे इथन क्रॉस या अमेरिकन संशोधकाने २०१४ साली प्रयोगांतून दाखवलं की ताणाच्या वेळी स्वतःला नावाने हाक मारून बोलणाऱ्या माणसांना ‘मी, मी’ करणाऱ्यांपेक्षा कमी त्रास होतो आणि त्यांचं कामही बरं होतं. मधे थोडं अंतर पडतं. दुसऱ्याला आपण जितक्या समजुतीने सांगतो, तितकं स्वतःला सांगता येतं.

मग प्रश्न उरतो की हे सगळं पुस्तकात लिहिलेलं असताना कोच कशाला हवा? वाचून करावं.

कारण निकाल देणारा आणि निकाल ऐकणारा एकाच डोक्यात बसलेले असतात. वाक्य मनात असतं तोवर ते वाक्य वाटतच नाही, वस्तुस्थिती वाटते. दुसऱ्यासमोर मोठ्याने म्हटलं की पहिल्यांदा ते कानावर पडतं. हे प्रत्यक्षात कसं घडतं, ते एका कल्पित संवादातून सांगते. समजा, जिल्हा पातळीवर बॅडमिंटन खेळणारी चौदा वर्षांची मुलगी सामना हरून आली आहे.

‘सर, माझं काही खरं नाही. माझ्याने सर्व्हिसच होत नाही.’

‘किती सर्व्हिस गेल्या?’

‘सगळ्याच.’

‘सगळ्या? मोजल्यास?’

‘... चार नेटमध्ये गेल्या.’

‘कधी?’

‘दोन सुरुवातीला. दोन अठरा-अठरा झाल्यावर.’

‘त्या शेवटच्या दोन करताना मनात काय चाललं होतं? जसं चाललं होतं तसंच सांग, सुधारून नको.’

‘... घालवणार तू आता. नेहमीसारखी.’

‘बरं. हे ऐकून अंगठ्याला काय कळलं?’

‘म्हणजे?’

‘शटल कुठे ढकलायचं, किती जोराने, ते कळलं का?’

‘नाही.’

‘मग त्याला कळेल असं काहीतरी सांग. तू सांग, मी नाही.’

‘... हलकं ढकल.’

‘चालेल. आता वीस सर्व्हिस कर. प्रत्येकीच्या आधी एवढंच म्हणायचं. आणि प्रत्येकीनंतर मला सांगायचं, टेपच्या किती वर गेलं.’

या सरांनी काय केलं ते पाहा. ‘अगं नाही, छान खेळतेस तू’ असं एकदाही म्हटलं नाही. ‘सगळ्याच’ला आकड्यापर्यंत आणलं. मनातलं वाक्य उघड्यावर काढलं आणि त्यावर प्रवचन दिलं नाही. त्या वाक्यात हाताला उपयोगी काही नाही, हे तिचं तिला दिसू दिलं. नवं वाक्य तिच्या तोंडून काढलं, दोन शब्दांचं, हाताला समजेल असं. आणि लगेच वीस वेळा ते वापरायला लावलं. अठरा-अठराला मनात नवं वाक्य घडवता येत नाही. तिथे सवयीने तयार असलेलंच वाक्य तोंडात येतं.

संशोधनही याच बाजूने बोलतं. ज्युडी व्हॅन राल्टे आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली चोवीस तरुण टेनिसपटूंचं सामन्यातलं ऐकू येणारं आणि दिसणारं स्वतःशी बोलणं नोंदवलं. स्वतःला टाकून बोलण्याचा हरण्याशी संबंध दिसला. स्वतःची स्तुती करण्याचा जिंकण्याशी संबंध दिसला नाही. ग्रीसमधल्या संशोधकांनी २०११ साली बत्तीस अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. स्वतःशी ठरवून बोलल्याने कामगिरी सुधारते, असं त्यातून दिसलं. नाजूक, अचूक हालचालींच्या कामात ‘शाब्बास, लढ’ यापेक्षा ‘हे असं कर’ हे बोलणं जास्त उपयोगी पडतं, आणि त्याचा आधी सराव केलेला असला की फायदा आणखी वाढतो. सराव म्हटला की तो करवून घेणारा आलाच.

आता आपल्या मातीतलं उदाहरण घेऊ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून नेमबाजीत आला. त्याचा प्रकार ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स: गुडघ्यावर बसून, पोटावर पडून आणि उभं राहून. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यातलं दहाचं वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटर रुंद. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीत तो आघाडीवर होता. उभ्या स्थितीत एक गोळी ७.६ वर गेली आणि तो चौथा आला. त्याआधी २०२२च्या कैरो जागतिक स्पर्धेतही तो चौथाच होता. दोनदा चौथा आलेल्या माणसाच्या मनात कोणतं वाक्य तयार होतं, हे वेगळं सांगायला नको. ‘आपण चौथेच.’

१ ऑगस्ट २०२४, पॅरिस. अंतिम फेरीत तो सातव्या क्रमांकाने पोचलेला. गुडघ्यावरच्या मालिकेनंतर सहावा, पडून केलेल्या मालिकेनंतर पाचवा. मग उभी स्थिती आली, हांगझोऊला जिने घात केला होता तीच. तिथून तो तिसरा आला: ४५१.४ गुण, कांस्यपदक. या प्रकारातलं भारताचं पहिलं, आणि १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर मराठी मातीतल्या खेळाडूचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. नंतर त्याने सांगितलं की आपण गुणफलकाकडे बघत नव्हतो, श्वासावर लक्ष होतं आणि वेगळं काही करायचं नाही असं ठरवलं होतं. गुणफलक म्हणजे निकाल आणि श्वास म्हणजे नोंद, हे आता मला समजावून सांगायची गरज नाही. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात खेळलेल्या. त्या आपल्याला दुसऱ्या आईसारख्या, असं स्वप्निल जाहीरपणे म्हणतो. हुकूम सोडणाऱ्या माणसाबद्दल कुणी असं म्हणत नाही. आणि ज्याने ती जागा स्वतः अनुभवली आहे, त्याचा शब्द आत लवकर शिरतो.

त्याच वर्षी सिंगापूरला गुकेश जागतिक बुद्धिबळ अजिंक्यपदासाठी डिंग लिरेनसमोर बसला. पहिलाच डाव हरला. पुढे सावरून आघाडी घेतली, पण बाराव्या डावात पुन्हा हरला आणि दोघांचे गुण सारखे झाले. चौदाव्या डावात जिंकून अठराव्या वर्षी तो जगज्जेता झाला. २०११च्या विश्वविजेत्या भारतीय क्रिकेट संघाबरोबर मनाच्या तयारीचं काम करणारे पॅडी अप्टन त्याच्या मदतीला होते, आणि गुकेशने त्यांना त्याचं श्रेय दिलं. पण बुद्धिबळात डाव सुरू झाला की कोचला एक शब्द बोलता येत नाही. चार-चार, पाच-पाच तास खेळाडू आणि त्याच्या मनातलं बोलणं, एवढंच. कोचचं सगळं काम त्याआधी होऊन गेलेलं असतं. मूल आज जे मदतीने करतं ते उद्या एकट्याने करेल, असं व्हिगोत्स्की म्हणाला होता. कोचिंगची व्याख्या मला याहून नेमकी सापडलेली नाही.

इथे काही जण मनात म्हणत असतील, बाई, आमचे वस्ताद शिव्या देत, पाठीत धपाटे घालत, आणि आम्ही घडलो. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. त्यात एक खरी गोष्ट आहे: ते वस्ताद रोज हजर असत, चूक नेमकी पकडत, आणि शंभर वेळा करून घेत. माणसं घडली ती त्या नेमकेपणाने आणि त्या हजेरीने. शिवी त्याबरोबर आली म्हणून आपण तिलाही औषध समजलो. ज्यांना ती सोसली नाही ते आखाडा सोडून गेले, आणि गेलेल्यांची मोजदाद कुठल्याच तालमीत ठेवत नाहीत. दुसऱ्या टोकाला आजचे काही पालक आहेत. पोराला कधी काही लागू नये म्हणून सगळ्यालाच ‘सुपर’ म्हणतात. ‘सुपर’ हाही निकालच. त्यानेही चेंडू कुठे पडला ते कळत नाही. आणि रोज पहिला नंबर ऐकलेल्या मुलाला दुसऱ्या नंबरच्या दिवशी स्वतःशी काय बोलावं ते सुचत नाही. कडक बोलायला माझी ना नाही. कोपर खाली आलं, पाय उशिरा पडला, सराव कमी पडला, हे सडेतोड सांगा. फक्त ते कोपराबद्दल असू द्या.

आता कोचच्या मर्यादेबद्दल. आपल्याकडे ‘लाइफ कोच’ म्हणवून घ्यायला कायद्याने कोणतीही पात्रता लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते, मनोविकारतज्ज्ञ तर डॉक्टरच असतो. कोचला मात्र पाटी आणि मोबाइल पुरतो. म्हणून निवडताना तीन गोष्टी पाहा. तो जास्त बोलतो की जास्त विचारतो? तुम्ही सांगितलेलं गुप्त ठेवतो का? आणि काही महिन्यांनी तुम्हाला त्याची गरज कमी वाटते की जास्त? गरज वाढतच असेल तर तो शिकवत नाही, गिऱ्हाईक सांभाळतो आहे.

आणि एक रेषा मात्र कुठल्याही कोचने ओलांडू नये. मैदानावर चुकल्यावर स्वतःला टाकून बोलणं वेगळं. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही आणि ‘मी नसलेलंच बरं’ हे वाक्य येतं, ते वेगळं. तिथे दोन शब्दांचा मंत्र देत बसू नये. तिथे डॉक्टर हवा, आणि तोही लगेच. केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६; पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. चांगल्या कोचची ओळख अशीही असते की आपलं काम कुठे संपतं ते त्याला कळतं आणि तो मुलाचा हात धरून पुढच्या दारापर्यंत नेतो.

शेवटाकडे येते. मनातला आवाज बाहेरून आला असेल, तर जबाबदारीही बाहेर आहे. ती एकट्या खचलेल्या माणसाच्या गळ्यात मारून ‘सकारात्मक राहा’ म्हणणं हा अन्याय आहे. ज्यांचा आवाज मुलांच्या कानावर रोज पडतो ते आई-वडील, मोठी भावंडं, वर्गशिक्षक, क्लासवाले आणि पी.टी.चे सर यांनी आधी आपलं बोलणं तपासायला हवं. सामना संपल्यावर ‘कसा खेळलास?’ विचारलं की मूल निकाल देतं: ‘बेकार.’ ‘कुठल्या फटक्याला त्रास झाला?’ विचारलं की ते आठवू लागतं. ‘किती पडले?’ने गुण कळतात. ‘कुठलं गणित अडलं?’ने अभ्यास कळतो. एवढा बदल करायला ना पदवी लागते, ना पैसा.

म्हणून या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांकडे माझं एक मागणं आहे. पुढच्या वर्षी सरांच्या नावाने व्याख्यान जरूर ठेवा. पण त्याच्या आदल्या दिवशी तालुक्यातल्या सगळ्या शाळांच्या खेळ-शिक्षकांना मैदानावर बोलवा. एकाने शिकवावं, बाकीच्यांनी त्याचं एकेक वाक्य वहीत उतरवून घ्यावं: एका रकान्यात निकाल, दुसऱ्या रकान्यात नोंद. दुपारी जेवणाआधी प्रत्येकाने आपलेच दोन रकाने मोजावेत. शिकवायला कुणी पुढे आलं नाही, तर सुरुवात मी करते. माझी वाक्यं उतरवून घ्या. त्या दिवशी निकालाचा रकाना मोठा निघाला तरी चालेल. त्यापुढच्या वर्षी हेच शिक्षक पुन्हा बोलवा आणि तो किती लहान झाला ते पाहा. सरांचं स्मारक मला तिथे झालेलं पाहायला आवडेल.